नळीपुढचे रान

आमच्या गावाच्या नावातच बोर आहे. वर्ध्याच्या कुशीला सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे अशी जी भावंडे वसली आहेत, त्यांत बोराचे झाड नावात मिरवणारे बोरगाव मेघे हे आमचे गाव. जिल्ह्याच्या उत्तरेला बोर नावाची नदी आहे, तिच्यावर धरण आहे आणि धरणाच्या आसपास बोरचे जंगल आहे. त्याला १९७० साली अभयारण्याचा आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. शिवाय माझ्या व्याकरणाच्या तासाला मागच्या बाकावरची मुले हळूच जो शब्द वापरतात, तोही बोरच. या सगळ्या बोरांच्या गर्दीत आमच्या घरात आणखी एक बोर १९६७ सालापासून नांदते आहे : तीनशे पंधरा बोर.

मास्तराच्या घरात रायफल आहे म्हटल्यावर शहरातल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे एक तर दरोडेखोर उभा राहील, नाही तर एखादा संस्थानिक. आम्ही दोन्हींपैकी कोणी नाही. आमचे घर शेतकऱ्याचे. रायफल आजोबांनी घेतली, बाबांनी सांभाळली आणि आता ती माझ्या नावावर व्हायची आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक चांगली सोय आहे : परवानाधारकाची ७० वर्षे पूर्ण झाली, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, की ते त्याच्या हयातीतच वारसाकडे सोपवता येते. बाबांना ७७ वे वर्ष चालू आहे. चहाची बशी तोंडाशी नेताना तिच्यातला चहा हिंदकळतो, आणि तो हिंदकळलेला आपल्याला दिसला हे आम्ही कोणी दाखवत नाही. एक दिवस त्यांनीच परवान्याचे पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि म्हटले, "आता तू पाह्यजो."

आता शेत नावावर झाले तर ते पेरायचे, घर झाले तर शाकारायचे, हे कोणी सांगावे लागत नाही. पण बंदूक नावावर झाली तर तिचे करायचे काय? आमच्यापुढे वाटा तीन होत्या. रायफल आहे तशी ठेवावी. किंवा तिची झिजलेली नळी काढून नवी बसवून घ्यावी. किंवा ती विक्रेत्याला देऊन नव्या बनावटीची, दुर्बीण बसवता येईल अशी दुसरी घ्यावी. घरात पाच माणसे बोलायला बसली आणि तीन वाटांना सहा मते झाली. ते सहावे मत माझे होते, कारण माझ्याजवळ दोन होती.

तिची कुळकथा गमतीची आहे. बंगालात हुगळीच्या काठी ईशापूरला रायफलींचा कारखाना आहे. तिथे १९०४ पासून फौजेसाठी रायफली बनू लागल्या. फौजेची थ्री-नॉट-थ्री सर्वांच्या ओळखीची; काल-परवापर्यंत ती पोलिसांच्या खांद्यावर दिसत असे. तिचेच हाड, तिचाच बोल्ट, तिचाच लाकडी दस्ता घेऊन नळी तेवढी वेगळ्या मापाची बसवली की आमची तीनशे पंधरा झाली. नळी वेगळ्या मापाची कशासाठी? तर रयतेच्या हाती हत्यार राहू नये म्हणून १८७८ चा कायदा होताच. पण ज्या थोड्यांना परवाना मिळे, त्यांच्या बंदुकीतही फौजेचे काडतूस बसू नये, ही सरकारची दुसरी दक्षता. फौजेचे माप खाजगी माणसाला बंद. त्यावर बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीने तोड काढली. तिने ऑस्ट्रियाच्या सैन्याचे आठ मिलिमीटरचे काडतूस उचलले आणि त्या मापाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी केल्या. स्वातंत्र्यानंतर ईशापूरने तेच माप पुढे चालवले. ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य १९१८ साली बुडाले, बर्मिंगहॅमचे आपल्यावरचे राज्य १९४७ साली संपले. पण त्या बादशहाच्या सैन्याचे काडतूस नंतरही कितीतरी वर्षे आपल्या खडकीच्या कारखान्यात तयार होत राहिले आणि वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या खिशात खुळखुळत राहिले.

आजोबांनी रायफल घेतली ती शिकारीसाठी. त्या काळी जंगलांचे ब्लॉक पाडलेले असत. परवाना काढायचा, ब्लॉक मिळाला की ठरलेल्या दिवसांत ठरलेली जनावरे मारायची, आणि परत आल्यावर आळीतल्या घराघरात वाटा पोचवायचा. त्यात कोणाला वावगे वाटत नसे. आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या. पण माझ्या मनात राहिली आहे ती त्या गोष्टींत फारशी न येणारी आजी. आजोबा पहाटे रानातून परतले की ती चुलीवर दोन आधणे ठेवी : एक चहाचे, दुसरे बंदुकीचे. जुन्या काडतुसांच्या टोपीत जो मसाला असे, तो जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार मागे राही. मीठ हवेतली ओल धरते आणि ओल लोखंड खाते. तेलाने ते मीठ जात नाही. ते पाण्यातच विरघळते. म्हणून आजोबा बोल्ट काढून नळीत कढत पाणी ओतायचे, मग दोरीला चिंधी बांधून ती आरपार ओढायचे आणि शेवटी तेलाचा हात द्यायचे. आजीला रसायनशास्त्राचे नावही ठाऊक नव्हते. "बंदुकीले न्हाऊ घाला, मंग तुमी न्हा," एवढेच ती म्हणे.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच गेली. त्याच सुमारास आजोबा थकले आणि रायफल बाबांकडे आली. बाबा शिकारी नव्हते. त्यांच्या हाती रायफलीचा धंदा पालटला. ती शिकारीण होती, ती राखणदारीण झाली.

विदर्भातल्या शेतकऱ्याला राखण म्हणजे काय ते सांगायला नको. पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पेरणीपासून मळणीपर्यंत पिकाला दोन धनी असतात. दिवसाचा धनी शेतकरी आणि रात्रीचे धनी रोही आणि डुक्कर. रोही म्हणजे नीलगाय. ती उभ्या पिकाचे शेंडे खुडत जाते. डुक्कर खाते थोडे आणि नासते फार. दहा-बारांचा कळप एका रात्रीत वावरात शिरला की सकाळी हरभऱ्याचे रान वखरल्यासारखे दिसते. लहानपणी आमच्याकडे भुईमूग होता, ज्वारी होती. एकेक पीक आम्ही सोडत गेलो, आणि ते बाजारभावाने जितके सुटले तितकेच डुकरांनी सुटले. बाबांनी जागलीची शेकडो रात्री काढल्या, पण त्यांनी रायफल झाडली ती बहुतेक आवाजासाठी. तीही हवेत नाही. आजोबांची शिकवण होती, हवेत गेलेली गोळीही कुठेतरी उतरतेच. वावरातल्या विहिरीच्या खोदाईचा मुरमाचा ढिगारा होता, दोन पुरुष उंच. बाबा मचाणावरून त्या ढिगाऱ्याच्या पोटात एक गोळी घालत. त्या आवाजाने डुकरे धुऱ्यापलीकडे पळत आणि दोन-तीन रात्री फिरकत नसत. आजोबांचे आणखी एक वाक्य बाबा आम्हा दोघा भावांना सांगत : "जनावर मंग पाह्यजो. आधी त्याच्या मांगं काय हाये ते पाह्यजो."

रायफल नावावर करून घेण्याआधी ती एकदा जाणत्या माणसाला दाखवावी म्हणून बाबांना आणि परवान्याच्या पुस्तकाला घेऊन आम्ही नागपूरला एका परवानाधारक मिस्त्र्याकडे गेलो. वयाने बाबांच्याच बरोबरीचे. त्यांनी बोल्ट काढला, नळी खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहिले. मग ती माझ्या हातात दिली. "तुम्ही पाहा. नळीला देवी आल्यात." रायफलीच्या नळीत मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी देतात, आणि त्या गिरकीमुळे गोळी सरळ जाते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो तसेच हे. चांगल्या नळीत त्या खाचा आरशासारख्या चमकतात. आमच्या नळीत काडतूस बसते त्या घराच्या पुढे वीतभर जागा काळवंडलेली होती आणि त्यापुढे बारीक बारीक वण होते, देवीच्या वणांसारखे. आजीच्या पश्चात बंदुकीचे आधण चुलीवरून उतरले होते, त्याची ही नोंद. मिस्त्र्यांनी चांदमारीवर पाच गोळ्या झाडून पाहिल्या. आजोबांच्या वेळी शंभर यार्डांवर पाच गोळ्या नारळाएवढ्या जागेत बसत म्हणतात. आता त्या सुपाएवढ्या जागेत विखुरल्या.

"बॉडी पक्की आहे," मिस्त्री म्हणाले. "नळी बदला. अजून दोन पिढ्या चालेल."

नळी बदलणे म्हणजे काही नळाचा पाइप बदलणे नव्हे. कायद्याच्या भाषेत बंदुकीचा भाग म्हणजे बंदूकच. नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही आणि ती बसवणाऱ्याला त्या कामाचा परवाना लागतो. गावठी कट्टे बनवणारे लोक तीनशे पंधराचेच काडतूस बहुधा वापरतात, म्हणून या मापाच्या सुट्या नळीकडे पोलीस संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. नळी रीतसर मिळाली तरी ती आट्यांनी बॉडीत बसवायची, माशी वर सरळ यावी इतकी नेमकी आवळायची. मग बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड यांमधली जागा मोजायची. ती चुकली तर काडतूस मागे फुटू शकते, आणि मागे आपले तोंड असते. ही रायफल मुळात रचणाऱ्याने त्याचाही विचार केला होता : बोल्टचे डोके सुटे ठेवले आणि ते कमी-अधिक लांबीचे मिळेल अशी सोय केली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ही अक्कल पाहून मला त्या माणसाचा हेवा वाटला. कादंबरी लिहितानाही एखाद्या प्रकरणाचे डोके असे सुटे करून बदलता आले असते तर किती बरे झाले असते!

परत आल्यावर ओसरीवर पंचायत बसली. धाकट्या भावाचे मत तयार होते. शेती तो करतो. मी शनिवार-रविवारचा शेतकरी. तो म्हणाला, "दादा, नळी बदलवा नाई तं बंदूक बदलवा, पण असं अधांतरी ठेवू नका. मले अजायबघर नाई पाहिजे, मले तूर पाहिजे." त्याची पसंती नव्या रायफलीला होती. थर्टी-ओ-सिक्स नावाचे जे माप परवान्यात मिळते, त्याची गोळी आमच्या गोळीपेक्षा हलकी आणि पुष्कळ वेगवान. वर दुर्बीण बसवली की दोनशे यार्डांवरचे डुक्कर टिपता येते. फोनवर अमरावतीची बहीण होती. तिने एका वाक्यात निकाल दिला : "घरात पोरं मोठी होऊन राहिली, आणि तुमी बंदुकीची गोष्ट करता? देऊन टाका सरकारले." आई म्हणाली, "कपाटात पडून हाये. खायले थोडीच मागते?" आईचे हे म्हणणे तेवढे खरे नव्हते. तेल मागते, दर पाच वर्षांनी नूतनीकरण मागते, आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा होण्यासाठी माझ्या सायकलीवर बसून जाते. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. त्या वर्षी ती घरापेक्षा ठाण्यात सुखाने राहिली. बाबा काहीच बोलले नाहीत. ते सुपारी कातरत होते, आणि अडकित्ता मात्र त्यांच्या हातात अजून थरथरत नाही.

माझी दोन मते होती म्हणालो, त्यांतले पहिले लेखकाचे. लेखकाला जुनी वस्तू जशीच्या तशी राहिलेली आवडते. जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली म्हणून त्याला रिग्बी कंपनीची एक रायफल भेट मिळाली होती. ती पुढे त्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे राहिली, आणि २०१५ साली रिग्बी कंपनीनेच ती परत मिळवून जपली. तिला कोणी नवी नळी बसवली असती तर लोक ती पाहायला गेले असते का? माझे दुसरे मत शेतकऱ्याच्या मुलाचे, आणि ते पहिल्याला हसत होते. नांगराचा फाळ झिजला की आपण तो जपून ठेवतो काय? लोहाराकडे नेतो, नाही तर नवा आणतो. बंडीच्या चाकाची धाव सैल झाली की उतरवतो, तापवतो, पुन्हा चढवतो. त्याने बंडी परकी होत नाही. उलट जी दुरुस्त होत राहते तीच बंडी आपली. जी वस्तू कामाची आहे तिला नवा भाग बसवण्यात कसला आला अपमान? म्हणजे प्रश्न नळीचा नव्हताच. तिच्याजोगे काम उरले आहे का, हा प्रश्न होता.

वर्धा जिल्ह्यात बंदुकीचा विचार करायचा तर सेवाग्रामकडे पाठ करून बसता येत नाही. आमचा जिल्हा मोठा विलक्षण आहे. इथे दारूबंदी आहे, आणि इथेच पुलगावला देशातले एक फार मोठे दारूगोळ्याचे कोठार आहे. २०१६ च्या मे महिन्याच्या शेवटच्या रात्री त्या कोठाराला आग लागली आणि ती विझवायला धावलेले जवान जळून गेले. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले, त्या शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. अनेकांना वाटते की बंदुकीविषयी त्यांचे म्हणणे ठरलेले, एका शब्दाचे असेल. तसे ते नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सबंध राष्ट्राला निःशस्त्र केले, याला त्यांनी इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळे मानले होते. आणि १९४६ साली पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचा प्रश्न निघाला तेव्हा 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिले त्याचा आशय असा की, मला शेती करायची असेल तर पीक राखण्यासाठी अटळ अशी कमीत कमी हिंसा मला करावी लागेल. ती दुसऱ्यावर ढकलून मी अहिंसक ठरत नाही. माझ्या धाकट्या भावाने हे वाचलेले नाही, पण तुरीच्या वावरात उभा राहून तो दुसरे काय म्हणत होता?

त्यातले 'कमीत कमी' हे शब्द मात्र मला सोडीनात. कमीत कमी हिंसा कोणत्या वाटेने? पहिली गोष्ट तर स्पष्ट झाली : आहे त्या नळीने रायफल वापरत राहायची, ही वाट सर्वांत वाईट. सुपाएवढ्या जागेत विखुरणारी गोळी डुकराच्या छातीत न लागता पोटात लागते. ते डुक्कर मरत नाही. तुरीत शिरून दोन दिवस तडफडते, आणि सकाळी तुरी सोंगायला गेलेल्या बाईवर धावून येते. झिजलेल्या नळीपेक्षा नव्या नळीत दया अधिक. इथपर्यंत धाकटा आणि मिस्त्री दोघेही जिंकले होते.

आणि परवानगी? रानडुक्कर आजही कायद्याने संरक्षित आहे. त्याने पीक नासले तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. परवानगी मिळाली तर तिच्यातल्या अटी पाळून मारायचे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी जी सोपी वाट ठेवली आहे, ती तर ठासणीच्या बंदुकीची. ती पुरी पडत नसेल तर फार झाले तर साध्या, बिनखाचांच्या नळीच्या बंदुकीची. कायदा करणाऱ्यांनी रायफलीचे नाव तिथे का घेतले नाही, याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता. तो एका रात्री वावरातच उलगडला.

गेल्या कार्तिकात आम्ही दोघे भाऊ मचाणावर बसलो होतो. रायफल बरोबर नव्हती. बॅटरी, डबा आणि काठी एवढीच सामग्री. मध्यरात्रीच्या सुमारास डुकरे आली. धाकट्याने बॅटरी टाकली. हरभऱ्यात नऊ-दहा पाठी दिसल्या, सर्वांत पुढे दांड्या नर. अंतर शंभर यार्डांच्या आतच. "पाह्य दादा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आता इथं नवी बंदूक असती तं?" मी डुकराकडे पाहिले, आणि आजोबांचे वाक्य आठवून डुकराच्या मागे पाहिले. मागे दिवे होते. पूर्वी तिथे कोणाची पऱ्हाटी असे, तिच्यापलीकडे पडीत आणि त्यापलीकडे नाला. आता तिथे लेआउट पडले आहे. पहिल्या ओळीतल्या एका घराच्या गच्चीवर कोणीतरी फोनवर बोलत येरझारा घालत होते. डावीकडे दुसरे लेआउट. त्यातले निम्मे प्लॉट विकले गेले आणि तसेच पडून आहेत. त्यांच्यावर बाभळी माजल्या, आणि त्याच बाभळींत दिवसा ही डुकरे झोपतात. म्हणजे डुक्कर जंगलातून येत नव्हते, आमच्याच शेजाऱ्याच्या सात-बाऱ्यातून येत होते. उजवीकडे रस्ता. आणि विहिरीजवळचा मुरमाचा ढिगारा? तो आम्हीच तीन वर्षांपूर्वी लेआउटच्या रस्त्याच्या भरावासाठी विकला होता. पैसे बरे आले होते. बाबांच्या पंचवीस-तीस वर्षांच्या गोळ्या पोटात घेऊन तो ढिगारा आता कोणाच्या तरी फाटकापुढे दाबून बसला आहे.

ठासणीच्या बंदुकीचे छर्रे थोड्याच अंतरावर दम टाकतात. रायफलीची गोळी चुकली तर दोन किलोमीटरांच्याही पुढे जाते. नळी जेवढी चांगली तेवढी ती अधिक दूर आणि अधिक जोराने जाणार. शेजारी बसलेल्या धाकट्याला मी काहीच बोललो नाही. त्याने स्वतःच बॅटरी डुकरांवरून उचलून पुढे नेली. उजेड गच्चीवर पडला तशी तिथली व्यक्ती थबकली आणि हात डोळ्यांवर धरून आमच्याकडे पाहू लागली. धाकट्याने बॅटरी विझवली आणि डबा वाजवायला घेतला.

आजोबांच्या काळी या नळीपुढे रान होते. बाबांच्या काळी ढिगारा होता. आता माणसे आहेत. मिस्त्र्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे, बॉडी अजून दोन पिढ्या चालेल; पण तिच्यापुढची जमीन एक पिढीसुद्धा चालली नाही. नळी बदलता येते, नळीपुढचे रान पुन्हा बसवून देणारा मिस्त्री नागपुरातही नाही. माझ्यातला लेखक आणि शेतकऱ्याचा मुलगा एवढ्यावर एक झाले.

पण रायफल झाडायची नाही असे ठरवून माझे भागेल. धाकट्याच्या तुरीचे काय? हा प्रश्न तसाच टाकून मी निजलो असतो तर गांधीजींच्या त्या 'कमीत कमी'चा अर्थ मी माझ्यापुरता सोपा करून घेतला असता. काही लोक कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतात. ते कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय तार माणूस-जनावर ओळखत नाही. ब्रह्मपुरीकडून आणून २०१७ साली बोरच्या जंगलात सोडलेली एक वाघीण शेकडो किलोमीटर हिंडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्याच जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात डुकरांसाठी वीज सोडलेल्या तारेला चिकटून मेली. ती वाट नको. धाकट्याने मग झटका कुंपणाची चौकशी केली. त्याचे यंत्र सूर्यावर भारलेल्या बॅटरीवर चालते. तारेतून विजेचा ठोका क्षणभर जातो, थांबतो, पुन्हा जातो. जनावराला चटका बसतो, जीव जात नाही. नळीसाठी बाजूला काढलेल्या पैशांत आमच्या तिन्ही बाजूंचे कुंपण झाले. डुकरे येणे सर्वस्वी थांबले असे मी म्हणणार नाही. डुक्कर हुशार आहे. तारेखाली गवत वाढून तार बसली की ते बरोबर तिथूनच शिरते. म्हणून धाकटा दर आठवड्याला तारेखालचे गवत काढतो. राखण संपली नाही, पण रात्री झोप मिळते.

रायफल आम्ही ठेवली, त्याच नळीसह. बहिणीने वारस म्हणून संमतीच्या कागदावर सही केली, पण एका अटीवर : काडतूस घरात राहणार नाही. बाबांच्या डब्यात सात उरली होती, ती रीतसर जमा केली. अर्जात एक रकाना आहे, शस्त्र कशासाठी हवे याचा. आजोबांच्या पुस्तकात तिथे शिकार लिहिलेले आहे, बाबांच्या वेळी पीकसंरक्षण. पेन उचलून मी बराच वेळ बसलो. कादंबरीची शेकडो पाने लिहिताना मला एका शब्दासाठी इतके थांबावे लागले नव्हते. शेवटी मी 'वारसा' असे लिहिले आणि कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घ बरोबर हाये ना?" आमच्या घरात पसंती सांगायची ही पद्धत आहे.

आता ती बंदूक कशासाठी, असे माझी मुले विचारतील तेव्हा मी त्यांना नळीत डोकावायला सांगणार आहे. आतल्या वणांत त्यांना आजीचे न ठेवलेले आधण दिसेल, बाबांच्या जागलीच्या रात्री दिसतील. नळी बदलली असती तर हे सगळे मिस्त्र्यांच्या भंगारात गेले असते. आणि त्यांनी नळीतून आरपार पाहिले की पलीकडे काय आहे तेही मी त्यांना विचारणार आहे.

यंदाच्या दसऱ्याला नेहमीप्रमाणे पाट मांडला. विळे, कुऱ्हाड, वखराची पास, नांगराचा फाळ आणि मध्ये रायफल. इतक्यात धाकटा वावरातून झटका यंत्र काढून घेऊन आला आणि त्याने ते रायफलीशेजारी ठेवले.

"हे काय बे?" बाबांनी विचारले.

"हेबी राखणच करते, बाबा."

बाबांनी क्षणभर विचार केला आणि हळदकुंकवाचे बोट आधी फाळाला, मग यंत्राला आणि मग रायफलीला लावले. बोट थरथरल्यामुळे रायफलीवरचे कुंकू थोडे लांबट उमटले. आईने आपट्याची पाने वाटली. तिन्हीसांजा होत आल्या तसे धाकट्याने यंत्र उचलले आणि तो घाईने वावराकडे निघाला. डुकरांना दसऱ्याची सुट्टी नसते. मी रायफलीवरचे कुंकू तेलाच्या चिंधीने पुसले आणि ती कपाटात ठेवली.